एकच नदी – कशावरून?

भूगोलाच्या तासाला आपण फळ्यावर नकाशा टांगतो आणि पट्टी फिरवत सांगू लागतो – ब्रह्मपुत्रा कैलास-मानसरोवराच्या परिसरात एका हिमनदीतून उगम पावते. तिबेटमध्ये तिला त्सांगपो म्हणतात. हिमालयाला समांतर अशी ती पूर्वेकडे वाहते, मग दक्षिणेकडे वळून अरुणाचल प्रदेशात शिरते. तिथे ती सियांग किंवा दिहांग. आसामात ती ब्रह्मपुत्रा, बांगलादेशात जमुना, आणि शेवटी बंगालचा उपसागर. मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत एका गुणाचे उत्तर लिहितात.

समजा, मागच्या बाकावरून एखाद्या मुलीने हात वर केला आणि विचारले, “वरची नदी आणि खालची नदी एकच आहे, हे कशावरून ठरवलं?” आपण काय सांगू? उपग्रहाने घेतलेले छायाचित्र दाखवू. पण उपग्रह नव्हते तेव्हा? ती मुलगी जो प्रश्न विचारते आहे, तो युरोपातल्या आणि भारतातल्या नकाशाकारांना दीडशेहून अधिक वर्षे सतावत होता. त्याचे उत्तर कसे मिळाले, याची हकिकत नकाशातल्या त्या निळ्या रेषेपेक्षा कितीतरी वळणांची आहे.

कोडे काय होते?

आधी नदीची ओळख करून घेऊ. पश्चिम तिबेटमध्ये बर्फाच्छादित शिखरांच्या पायथ्याशी हिमनद्यांच्या तोंडातून वितळलेले पाणी बाहेर पडते आणि ओहोळ एकत्र येत त्सांगपो तयार होते. यांतली मूळ हिमनदी कोणती, यावरही बराच काळ मतभेद होते. १९०७ मध्ये स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने एक हिमनदी दाखवली. पुढे १९३०च्या दशकात स्वामी प्रणवानंदांनी चेमायुंगडुंग या दुसऱ्या हिमनदीचा पक्ष मांडला. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी उपग्रहचित्रांच्या आधारे आंग्सी हिमनदीला तो मान दिला. उगम एकच असतो असे आपण शिकवतो खरे, पण प्रत्यक्षात डोंगरावरून धावणाऱ्या अनेक ओहोळांतून एकाची निवड करावी लागते.

तिथून ही नदी तिबेटच्या पठारावरून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर पूर्वेकडे जाते. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर तिचे पात्र काही ठिकाणी इतके रुंद आणि संथ असते, की माणसे कातडी होड्यांतून ये-जा करत. मग समोर ७,७८२ मीटर उंचीचे नामचा बारवा शिखर येते. नदी त्याला वळसा घालते आणि एका प्रचंड घळईत शिरते.

कोडे इथेच होते. पठारावरच्या लोकांना नदी घळईत शिरताना दिसत होती. खाली आसामच्या मैदानात सादियाजवळ डोंगरांतून तीन मोठ्या नद्या बाहेर पडताना दिसत होत्या – दिहांग, दिबांग आणि लोहित. मधल्या भागात राहणाऱ्यांना आपापला नदीकाठ चांगला ठाऊक होता. पण वरपासून खालपर्यंत सबंध नदी पाहिलेला माणूस कोणी नव्हता. शिवाय आणखी पूर्वेला ब्रह्मदेशाची इरावती होती. मग त्सांगपोचे पाणी जाते तरी कुठे?

१७३३ मध्ये द’आन्व्हील या फ्रेंच नकाशाकाराने तिबेटच्या नकाशात त्सांगपो इरावतीला जोडली. चीनच्या सम्राटाने करवून घेतलेल्या पाहणीवर हा नकाशा आधारलेला होता, त्यामुळे त्याला वजन होते. १७६५ मध्ये जेम्स रेनेल हे बंगालचे सर्वेक्षक ब्रह्मपुत्रेच्या पात्रातून आसामच्या सीमेपर्यंत गेले. नदी गंगेहून मोठी आहे आणि ती पूर्वेकडून येते, हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. एवढे पाणी जवळपासच्या डोंगरांतून येणे शक्य नाही, ही त्सांगपोच असली पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. दोन जाणती माणसे, दोन वेगळी उत्तरे. आणि पुरावा? तो कोणाकडेच पुरेसा नव्हता.

पाणी मोजा, उंची मोजा

नदी डोळ्यांनी पाहता येत नसेल, तर दुसरे काय करता येईल? पहिला मार्ग पाणी मोजण्याचा. १८२०च्या दशकात आसाम इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा विल्कॉक्स आणि त्यांचे सहकारी सादियाच्या आसपास हिंडले. त्यांनी तिन्ही नद्यांचे पाणी मोजले. दिहांगचे पाणी इतर दोघींपेक्षा कितीतरी जास्त भरले. पुढे विल्कॉक्स डोंगर ओलांडून इरावतीच्या वरच्या भागात पोहोचले. तिथे त्यांना दिसली ती बऱ्यापैकी लहान नदी. पठारावरून एवढी मोठी होऊन निघालेली त्सांगपो या पात्रात मावणार कशी? तर्क साधा होता. तरीही इरावतीचा पक्ष घेणारे विद्वान गप्प बसले नाहीत. कारण हा पुरावा अप्रत्यक्ष होता.

दुसरा मार्ग वरून येण्याचा. पण तिबेटमध्ये युरोपीय लोकांना प्रवेश नव्हता. तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी एक योजना आखली. सीमेवरच्या, तिबेटी भाषा आणि चालीरीती जाणणाऱ्या माणसांना शिकवून यात्रेकरू किंवा व्यापारी म्हणून पाठवायचे.

यातले सर्वांत नावाजलेले नैनसिंग रावत. शिक्षकांनी त्यांची ओळख आवर्जून करून घ्यावी, कारण ते कुमाऊँमधल्या मिलम गावच्या शाळेत शिक्षक होते. म्हणूनच सर्वेक्षण खात्यात त्यांना ‘पंडित’ म्हणत, आणि पुढे या कामावरच्या सगळ्याच माणसांना तेच नाव पडले. डेहराडूनला त्यांना समान लांबीची पावले टाकण्याचा सराव दिला गेला – चढ असो, उतार असो, पाऊल तेवढेच. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. मैलाला सुमारे २,००० पावले, म्हणजे माळेची एक फेरी झाली की पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. तापमापक घेऊन ते ठिकठिकाणी उकळत्या पाण्याचे तापमान मोजत. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळमानाने दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. चहाच्या आधणात जे होते, त्यावरून ते डोंगराची उंची काढत होते!

१८६५-६६ च्या पहिल्या मोठ्या प्रवासात ते सुमारे १,२०० मैल चालले. वर्गात मुलांना गुणाकार करायला सांगा : जवळजवळ २४ लाख पावले, तीही मोजून टाकलेली. त्यांनी ल्हासाचे स्थान ठरवले आणि त्सांगपोचा वरचा मार्ग नकाशावर आणला. १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासाला आणि तिथून नदी ओलांडून तवांगमार्गे आसामात उतरले.

तिसरा पुरावा नैनसिंगांचे चुलतभाऊ किशनसिंग यांचा, आणि तो फार मजेदार आहे. १८७८ ते १८८२ या काळात ते तिबेटच्या उत्तरेला खूप दूरवर गेले. परतताना पूर्व तिबेटमधून आसामच्या सीमेजवळ, लोहितच्या खोऱ्यात आले. तिथून भारतात उतरणे शक्य झाले नाही, म्हणून मोठा वळसा घालून ते ल्हासाच्या दिशेने गेले. या सबंध वळशात त्यांना त्सांगपो कुठेही ओलांडावी लागली नाही. तिचे पाणी लोहितला किंवा इरावतीला मिळत असते, तर ती त्यांच्या वाटेत आडवी आलीच असती. ती आली नाही, म्हणजे ती त्यांच्या वाटेच्या पश्चिमेलाच दक्षिणेकडे वळत असली पाहिजे. न दिसलेली नदी हाच पुरावा! नकाशावर दोरा ठेवून हा तर्क मुलांकडून करवून घेता येतो.

पाचशे ओंडके

चौथा मार्ग सर्वांत सरळ. वर काहीतरी सोडा आणि ते खाली कुठे निघते ते पाहा. कॅप्टन हारमन या अधिकाऱ्याने १८८० मध्ये असाच बेत केला. एका लामाला तिबेटमध्ये पाठवले आणि त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून किंथुप नावाचा सिक्कीमचा माणूस दिला. किंथुप दार्जिलिंगला शिंपीकाम करी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण त्सांगपोच्या घळईच्या तोंडापर्यंत तो आधी एकदा जाऊन आलेला होता. काम असे होते : नदीच्या काठाने जमेल तितके खाली जायचे. जमले नाही, तर खुणा केलेले पाचशे ओंडके रोज पन्नास याप्रमाणे नदीत सोडायचे. खाली हारमनची माणसे दिहांगवर पहारा ठेवतील. ओंडके दिसले, की कोडे सुटले.

लामाला या कामात रस नव्हता. वाटेत त्याने पैसे उडवले, आणि १८८१ मध्ये एका गढीवर किंथुपला तिथल्या अधिकाऱ्याला गुलाम म्हणून विकून तो चालता झाला. किंथुपला बरेच दिवसांनी कळले की आपण विकले गेलो आहोत. १८८२ मध्ये संधी साधून तो पळाला. पळून घरी जायला कोणाची ना नव्हती. तो मात्र नदीच्या काठाने खाली निघाला. पाठलाग करणारे मार्पुंगच्या मठाजवळ पोहोचले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामाने ५० रुपये देऊन त्याला सोडवून घेतले. आता तो मठाचा चाकर झाला.

काही महिने राबल्यावर त्याने यात्रेसाठी रजा मागितली. ती यात्रा म्हणजे ओंडके तोडण्याचे काम. फूटभर लांबीचे पाचशे ओंडके त्याने तयार केले, बांबूच्या पट्ट्यांनी त्यांना पत्र्याच्या नळ्या बांधल्या आणि ते एका गुहेत लपवून ठेवले. मग तो मठात परत आला. का सोडले नाहीत लगेच? कारण खाली वाट पाहणाऱ्यांना तारीख कळायला हवी. तेव्हा त्याने पुन्हा रजा काढली, ल्हासा गाठले, ओळखीच्या सिक्कीमी माणसाकडून पत्र लिहवून घेतले आणि ओंडके कोणत्या दिवसांत सोडणार ते कळवले. मग तो पुन्हा मठात आला आणि आणखी नऊ महिने राबला. त्याची निष्ठा पाहून लामाने त्याला मुक्त केले. ठरलेल्या दिवशी किंथुप गुहेतले ओंडके घेऊन नदीकाठी आला आणि सलग दहा दिवस, रोज पन्नास, त्याने ते पाण्यात सोडले.

खाली कोणीही उभे नव्हते. पत्र वेळेवर योग्य हातात पडले नाही. हारमन तोवर आजारी पडून भारत सोडून गेले होते. पाचशे ओंडके दिहांगमधून, ब्रह्मपुत्रेतून, जमुनेतून वाहत गेले असतील. काही कदाचित समुद्रातही पोहोचले असतील. कोणी पाहिले नाहीत.

किंथुप नदीबरोबर आणखी खाली उतरत मैदानापासून थोड्याच अंतरापर्यंत आला. पुढे वाट बंद होती, म्हणून मागे फिरून तिबेटमार्गे १८८४च्या नोव्हेंबरमध्ये तो दार्जिलिंगला पोहोचला. चार वर्षे झाली होती. दरम्यान त्याची आई वारली होती.

साक्ष कोणाची?

किंथुपने आपली हकिकत आठवणीतून सांगितली. ती दुसऱ्याने लिहून घेतली आणि इंग्रजीत उतरवली. त्यात पेमाकोचुंगजवळ नदीवर १५० फुटांचा धबधबा आहे, असे छापले गेले. आता या धबधब्याचीच चर्चा सुरू झाली. घळईच्या वरच्या तोंडाशी नदी सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे, आणि अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतरात ती दोन हजार मीटरहून अधिक खाली उतरते. म्हणजे किलोमीटरला आठ मीटर. आसामात सादिया ते धुबरी हा उतार किलोमीटरला जेमतेम १५ सेंटिमीटर आहे. एवढी उंची नदी उतरते, तर मध्ये एखादा अजस्र धबधबा असलाच पाहिजे, असे अनेकांना वाटे. दुसरीकडे, अक्षरशत्रू माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचे, असे म्हणणारेही होते.

१९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी दिबांगच्या बाजूने तिबेटमध्ये शिरले आणि त्यांनी घळईचा बराच भाग पायी पाहिला. ठिकठिकाणी पाणी उकळून उंची मोजली. त्सांगपो आणि दिहांग एकच, याविषयी आता शंका उरली नाही. गावे, अंतरे, वळणे – किंथुपने सांगितलेले बहुतेक सारे जिथल्या तिथे सापडले. फक्त पेमाकोचुंगचा धबधबा १५० नव्हे, सुमारे ३० फुटांचा निघाला. बेलींनी किंथुपचा शोध घेतला. तो दार्जिलिंगलाच होता, म्हातारा झालेला. त्याने सांगितले, की १५० फुटांचा धबधबा त्सांगपोवरचा नव्हे. ग्यालाजवळ एक लहान ओढा कड्यावरून पडतो, त्याविषयी मी बोललो होतो. लिहिताना, भाषांतर करताना दोन धबधब्यांचा एक झाला होता. चूक किंथुपच्या आठवणीची नव्हती, नोंदीची होती.

बेलींनी त्याच्यासाठी निवृत्तिवेतन मागितले. सरकारने एकरकमी १,००० रुपये दिले. त्यानंतर थोड्याच काळात किंथुप वारला.

मग ती दोन हजार मीटर उंची जाते कुठे? ती एका उडीत जात नाही, असंख्य द्रुतवाहांत जाते. खडकांवरून आपटत, फेसाळत नदी पायरीपायरीने उतरते. १९२४ मध्ये किंग्डन-वॉर्ड यांनी घळईचा आणखी भाग पाहिला, तरी काही किलोमीटर राहिलेच. त्या तुकड्यातल्या एका धबधब्याची नोंद १९९८ मध्ये झाली. त्याची उंची सुमारे ३३ मीटर आहे.

रेषा स्थिर नसते

वरचे कोडे सुटेपर्यंत खालची नदी मात्र जागेवर थांबली नव्हती. रेनेल यांच्या नकाशात ब्रह्मपुत्रा मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेने, मैमनसिंगवरून वाहते. १७८७ मध्ये तिस्ता नदीला महापूर आला आणि त्यानंतरच्या काही दशकांत ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडे सरकला. आजची जमुना ती हीच. जुन्या पात्राला आता ‘जुनी ब्रह्मपुत्रा’ म्हणतात. जमुना पुढे गंगेला, म्हणजे पद्मेला मिळते, मग मेघनेला, आणि साऱ्यांचे पाणी मिळून समुद्रात जाते.

त्या पाण्यात हिमनदीचा वाटा किती? नदीचा जन्म बर्फात, पण तिचा विस्तार पावसात. घळईच्या वर, तिबेटच्या कोरड्या पठारावर तिचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे दोन हजार घनमीटर असतो. बांगलादेशात तो सुमारे वीस हजार होतो. ही दसपट वाढ मुख्यतः हिमालयाच्या दक्षिण उतारावर आणि आसामात कोसळणाऱ्या मोसमी पावसाची देणगी आहे.

१५ ऑगस्ट १९५० रोजी या भागात ८.६ क्षमतेचा भूकंप झाला. दरडी कोसळून इतका गाळ नदीत आला, की आसामात तिचे पात्र उथळ झाले, काठ ढासळू लागले आणि जुने सादिया गाव पुढे नदीने गिळले. वर काय घडते, ते खाली येतेच.

हे पुन्हा एकदा दिसले ते २००० साली. एप्रिलमध्ये तिबेटात यिगोंगच्या खोऱ्यात मोठी दरड कोसळून नदी अडली आणि मागे तलाव साचला. जूनमध्ये तो बांध फुटला. पाण्याचा लोंढा त्सांगपोच्या घळईतून अरुणाचलात आला आणि सियांगच्या काठची माणसे, घरे, पूल वाहून गेले. खालच्या लोकांना आधी सूचना मिळाली नव्हती. २००२ मध्ये भारत आणि चीन यांच्यात पुराच्या मोसमातली पाण्याची माहिती देण्याचा करार झाला. त्याची मुदत वेळोवेळी वाढवली गेली, आणि २०२३ मध्ये ती संपली. जुलै २०२५ मध्ये चीनने घळईच्याच भागात प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. नदी एकच आहे हे आता सिद्ध करावे लागत नाही. पण वरची बातमी खाली वेळेवर पोहोचण्याचा प्रश्न किंथुपच्या पत्राच्या वेळी होता, तसाच आजही आहे.

पुढच्या वेळी नकाशावरून पट्टी फिरवताना त्या मोठ्या वळणाशी क्षणभर थांबू या. ‘हे कशावरून?’ असे मुलांनी विचारले नाही, तर आपणच विचारू या. पाणी कसे मोजले, उंची कशी काढली, न ओलांडलेल्या नदीने काय सांगितले, ते मुलांना शोधू द्या. आणि एका शिंप्याने कबूल केले म्हणून दहा दिवस, रोज पन्नास ओंडके नदीत सोडले, हेही त्यांना सांगा. नकाशावर त्याचे नाव कुठेच नाही.